गॅरंटी आणि वॉरंटी

होळी झाली की आपल्या छत्रपती संभाजीनगरात कूलरची खरेदी सुरू होते. गुलमंडी असो, पैठण गेट असो नाहीतर सिडकोतलं कॅनॉट, दुकानाबाहेर कूलर रांगेनं उभे असतात आणि आत दुकानदार एकच वाक्य ऐकवत असतो, "वहिनी, बॉडीची गॅरंटी आपली, मोटारला कंपनीची वॉरंटी." आपण मान डोलावतो. दोन्ही शब्द कानाला भारदस्त लागतात. काहीतरी जास्तीचं मिळालं असं वाटतं आणि पिशवीतून पैसे निघतात. पण नेमकं काय मिळालं, असं घरी येऊन कुणी विचारलं, तर आपल्यातल्या कितीजणींना धड सांगता येईल?

म्हणून आज या दोन शब्दांची उकल करू या. शब्द इंग्रजी असले तरी हा शाळेतला धडा नव्हे. यात आपल्या घरखर्चाचे पैसे आहेत. आणि यातला एक शब्द असा आहे, की एका कागदावर तो आपल्याला तारतो आणि दुसऱ्या कागदावर अंगावरचे दागिनेसुद्धा उतरवून घेऊ शकतो. ते शेवटी सांगते. आधी बाजाराचं बघू.

एकाच आईच्या दोन लेकी

गॅरंटी आणि वॉरंटी या मुळात सख्ख्या बहिणी. जुन्या जर्मन वळणाच्या भाषेतला एक शब्द फ्रान्सात आला. त्याचा अर्थ पाठीशी उभं राहणं, सांभाळणं. उत्तरेकडच्या नॉर्मंडीतल्या लोकांनी त्यातला 'व' तसाच ठेवला. पॅरिसकडच्या बोलीत त्या 'व'चा 'ग' झाला. आपल्याकडे नाही का, शहरात 'विहीर' आणि खेड्यात 'हीर', शहरात 'विस्तव' आणि आजीच्या तोंडी 'इस्तू'! तसंच ते. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि 'व'वाले शब्द इंग्रजीत शिरले. 'ग'वाले पॅरिसच्या वळणाचे शब्द पुढे येत राहिले. त्यामुळे इंग्रजीत अशा बऱ्याच जोड्या दिसतात. दवाखान्यातला 'वॉर्ड' आणि रेल्वेतला 'गार्ड' ही त्यातलीच जोडी. वसतिगृहाचा 'वॉर्डन' आणि मुलांच्या शाळेच्या फॉर्मवरचा 'गार्डियन' ही दुसरी. पोलिसांचं 'वॉरंट'ही याच घरातलं. त्याच्या मागे अधिकार उभा असतो, म्हणून ते वॉरंट.

तेव्हा मूळ अर्थ एकच : 'मी पाठीशी आहे.' पण लेकी वेगवेगळ्या घरी दिल्या, की त्यांच्या चालीरीती वेगळ्या होतात. या दोघींचंही तेच झालं.

आपल्या मराठीत यासाठी 'हमी' हा नेमका शब्द आहे आणि मराठवाड्यातल्या बाईला तो नव्यानं शिकवायला नको. १९७२ च्या दुष्काळात इथल्या हजारो बायका रस्त्यावर खडी फोडायला, तलावावर माती उचलायला गेल्या, ते काम पुढे 'रोजगार हमी' म्हणूनच ओळखलं गेलं. १९७७ साली महाराष्ट्रानं तसा कायदाच केला : मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता. हमी म्हणजे काय, ते यात स्वच्छ दिसतं. काय देणार, हे सांगितलेलं आहे. आणि शब्द मोडला तर बदल्यात काय देणार, तेही सांगितलेलं आहे. दुसरा भाग नसेल तर ती हमी नव्हे, नुसतं गोड बोलणं. हा निकष मनात ठेवा, दुकानात फार उपयोगी पडतो.

बाजारातला अर्थ

आपल्या बाजारानं या दोन शब्दांची सोयीची वाटणी करून टाकली आहे. गॅरंटी म्हणजे वस्तू बिघडली तर बदलून नवी. वॉरंटी म्हणजे बिघडली तर दुरुस्त करून देऊ. दुकानदार "गॅरंटी नाही, वॉरंटी आहे" म्हणतो, तेव्हा त्याला म्हणायचं असतं, "नवी मागू नका, मेकॅनिक पाठवतो."

ही वाटणी समजायला बरी आहे, पण ती बाजाराची रीत आहे, कायदा नव्हे. कोणत्याही कायद्यात 'गॅरंटी म्हणजे बदली आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्ती' असं लिहिलेलं नाही. एखाद्या कार्डावर वर मोठ्या अक्षरात 'वॉरंटी' असतं आणि आत बारीक अक्षरात बदलून देण्याचं कलम असतं. दुसऱ्यावर 'गॅरंटी' असं ठसठशीत छापलेलं असतं आणि आत फक्त दुरुस्ती, तीही येण्याजाण्याचा खर्च तुमच्याकडून. म्हणून मथळ्यावर जाऊ नका, मजकुरावर जा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचं उदाहरण घ्या. बऱ्याच कार्डांवर '३६ + २४' असे आकडे असतात. दुकानदार बेरीज करून सांगतो, "पाच वर्षं बिनघोर!" पण त्या अधिकच्या चिन्हातच सगळी मेख आहे. पहिले ३६ महिने बॅटरीत कारखान्याचा दोष निघाला, तर बदलून मिळते. पुढचे २४ महिने नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मिळते, आणि जसजसे महिने जातील तसतशी ती सूट कमी होत जाते. म्हणजे बाजारच्या भाषेत गॅरंटी तीन वर्षांची. पुढची दोन वर्षं नवी बॅटरी घ्यायचीच, फक्त थोडी स्वस्तात. शिवाय बदलून मिळालेल्या बॅटरीची मुदत बहुतेक कार्डांवर पहिल्या खरेदीच्या तारखेपासूनच मोजतात.

फ्रिजचं तसंच. 'दहा वर्षं' हे शब्द दारावर चिकटवलेले असतात, पण ती बहुधा एकट्या कॉम्प्रेसरची. बाकीच्या फ्रिजची वॉरंटी वर्षभराची. आठव्या वर्षी कॉम्प्रेसर फुकट मिळाला, तरी गॅस भरणं, मेकॅनिकची मजुरी, नेण्याआणण्याचं भाडं आपल्याच माथी येऊ शकतं. पाणी शुद्ध करायच्या यंत्रात फिल्टर आणि मेंब्रेन हे 'झिजणारे भाग' म्हणून बहुतेकदा बाहेरच ठेवलेले असतात, आणि खर्च तर त्यांचाच! मिक्सरचं कपलर, भांड्यांचे रबर, उंदरानं कुरतडलेली वायर, विजेच्या चढउतारानं जळलेली मोटार, गल्लीतल्या मिस्त्रीनं उघडून पाहिलेलं यंत्र, हे सगळं कुठे बसतं, ते 'यात काय येत नाही' या परिच्छेदात सापडतं. कार्ड हाती आलं की आधी तोच परिच्छेद वाचा.

आणखी एक. वचन देणारा टिकला तरच वचन टिकतं. पैठण रस्त्यावरच्या चितेगावला व्हिडिओकॉनचा केवढा मोठा कारखाना! या शहरातल्या किती घरांत त्या कंपनीचा टीव्ही आला आणि किती घरांच्या चुली तिच्या पगारावर पेटल्या. तीच कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. घराघरात नाव पोचलेल्या कंपनीवरही अशी वेळ येते. म्हणून फार लांबच्या मुदतीला भुलून जास्त पैसे मोजू नका. 'वाढीव वॉरंटी' म्हणून दुकानात वेगळे पैसे घेतात, तेव्हाही विचारा, ही मूळ कंपनीची की तिसऱ्याच कुणाची? ती केव्हा सुरू होणार? आणि बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा?

कायदा काय म्हणतो

आता थोडा कायदा. घाबरू नका, पोळ्या लाटता लाटता समजेल एवढाच सांगते.

माल विकण्याचा आपला कायदा १९३० चा. त्यात वॉरंटी आहे, पण तिची जोडी गॅरंटीशी लावलेली नाही. तिची जोडी आहे 'कंडिशन'शी, म्हणजे शर्तीशी. ज्या गोष्टीसाठी वस्तू घेतली ती मूळ गोष्ट म्हणजे शर्त. ती मोडली तर वस्तू नाकारून पैसे परत मागता येतात. वॉरंटी म्हणजे जोडीचं, वरचं वचन. ते मोडलं तर नुकसानभरपाई मिळते, पण वस्तू परत करता येत नाही. मिक्सर पहिल्या दिवसापासून वाटतच नसेल, तर मुळावरच घाव. तो वाटतो छान, पण सोबत कबूल केलेलं एखादं जास्तीचं वचन पाळलं गेलं नाही, तर ती जोडीची गोष्ट.

आणि याच कायद्यातलं एक वाक्य आपल्या फार कामाचं आहे. करारात एखाद्या गोष्टीला वॉरंटी म्हटलेलं असलं, तरी ती शर्त असू शकते. म्हणजे नाव काय दिलं, याला कायदा भुलत नाही. मग आपण का भुलावं?

पैठणीचंच बघा ना. "जरीची गॅरंटी, ताई!" हे वाक्य दुकानात फुकट मिळतं. पण जर कसली, ते बिलावर नसेल तर त्या गॅरंटीला धरायचं कुठे? पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पैठणीच्या नावानं यंत्रमागाची साडी विकली जातेच. तेव्हा बिलावर लिहून घ्या : शुद्ध रेशीम, हातमागावर विणलेली, जर अमुक प्रकारची. वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाप्रमाणे निघाली पाहिजे, ही कायद्यानं शर्तच मानली आहे. 'सिल्क मार्क'चं लेबल असेल तर रेशमाची खात्री होते. पण ते लेबल फक्त रेशमाबद्दल बोलतं. साडी हातमागाची आहे की जर कसली आहे, यावर ते काही सांगत नाही.

शर्त मोडल्याची तक्रार लवकर करायची असते, हेही लक्षात असू द्या. वस्तू स्वीकारून, वापरून, दिवस लोटू दिले, की नाकारण्याचा हक्क दुबळा होतो आणि उरते भरपाई. दिवाळीत घेतलेलं यंत्र संक्रांतीपर्यंत खोक्यात ठेवू नका. आणलं की त्याच आठवड्यात चालवून बघा.

दुकानात पाटी असते, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' रंग आवडला नाही, नणंदेनं नाक मुरडलं, अशा कारणांसाठी ती पाटी चालेल. पण मालात दोष असेल तर नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात म्हटलं आहे, की सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. आणि पुरेशी चाचणी न करता 'इतकी वर्षं टिकेल' अशी गॅरंटी किंवा वॉरंटी देणं, हीसुद्धा.

हे हक्क आयते पदरात पडलेले नाहीत. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली आला. आता दुकानदार ऐकत नसेल तर आधी त्याला आणि कंपनीला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर फोन करा. तेवढ्यानं भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तू ५ लाखांपर्यंतची असेल तर तिथे फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. वस्तू पुण्यामुंबईहून आणलेली असो की घरबसल्या मागवलेली, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. आयोग दुरुस्ती, बदली, पैसे परत किंवा भरपाई, यातलं काहीही द्यायला सांगू शकतो. म्हणजे कार्डावर फक्त 'दुरुस्ती' छापलं आहे म्हणून बाकीची दारं बंद होत नाहीत.

आता ती दुसरी गॅरंटी

इथवर आपण गॅरंटी घेत होतो. आता बँकेत चला, किंवा कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत. तिथे हाच शब्द उलटा होतो. तिथे गॅरंटी आपण देतो.

भावजींना दुकानासाठी कर्ज हवं असतं, भावाला ट्रॅक्टर घ्यायचा असतो, शेजारच्या ताईला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे असतात. कागदांचा गठ्ठा पुढे येतो, पेन्सिलीनं फुली मारलेली असते आणि कुणीतरी म्हणतं, "वहिनी, इथं नुसती सही करा, नावापुरती आहे." नावापुरती! मैत्रिणींनो, १८७२ च्या करार कायद्यात या सहीला 'कॉन्ट्रॅक्ट ऑफ गॅरंटी' म्हणतात, आपल्या भाषेत जामीन राहणं. कर्जदारानं पैसे फेडले नाहीत तर मी फेडीन, असा त्याचा अर्थ. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. पन्नास टक्के नाही, शेवटी उरेल तेवढीही नाही, तर मुद्दल, व्याज आणि खर्चासकट सगळी.

पुष्कळजणींची समजूत असते, की बँक आधी कर्जदाराला धरील, त्याचं सगळं विकून झालं की मग आपल्याकडे बघेल. तसं नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या गाजलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे, की धनकोला आधी कर्जदाराच्या मागे लागून थकायची गरज नाही. तो जामीनदाराकडे सरळ येऊ शकतो. मग आपल्या नावावरची ठेव, आपल्या नावावरचा फ्लॅट, माहेरहून मिळालेलं सोनं, सगळ्यावर त्या सहीची सावली पडते. शिवाय कर्ज थकलं की आपलं नावही पत-नोंदीत खराब होतं आणि उद्या मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलो, तर ते आडवं येतं. गटानं घेतलेल्या कर्जातही हेच असतं. पाचसात जणी एकमेकींच्या जामीन असतात आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा असतो.

म्हणून फुलीवर पेन टेकवण्याआधी एकच प्रश्न विचारा, "ही सही कशाची? साक्षीदाराची, जामीनदाराची की सहकर्जदाराची?" साक्षीदार फक्त सांगतो, की सही माझ्यासमोर झाली, त्याच्यावर कर्जाचा रुपयाही येत नाही. जामीनदारावर सगळं येतं. सहकर्जदार तर कर्जदारच. तिन्ही सह्या एकाच कागदावर बोटभर अंतरानं असू शकतात. हा प्रश्न विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. सासरी संकोच वाटत असेल तर एवढंच म्हणा, "कागद घरी नेऊन वाचते, उद्या सही करते." एक दिवस थांबल्यानं नातं तुटत नाही. न वाचता केलेल्या सहीनं मात्र सख्खी नाती कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

जामीन राहूच नका, असं मी म्हणणार नाही. अडीनडीला माणूसच माणसाच्या पाठीशी उभा राहतो, शब्दाचा मूळ अर्थही तोच आहे. पण उभं राहायचं ते डोळे उघडे ठेवून. रक्कम किती, मुदत किती, हे लिहिलेलं आहे ना ते बघा. रकमेची जागा कोरी असेल तर सही नाहीच. सगळ्या कागदांची प्रत मागून घ्या. आणि मनाशी हिशोब करा : हे पैसे उद्या मलाच भरावे लागले, तर मी भरू शकेन का? उत्तर 'नाही' असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. भरावे लागलेच, तर ते पैसे कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क कायद्यानं जामीनदाराला दिलेला आहे. तसंच जामीनदाराला न विचारता बँकेनं आणि कर्जदारानं कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारातून तो सुटतो. तेव्हा भरलेल्या पैशांच्या पावत्या आणि करारपत्राची प्रत जपून ठेवा.

पदराला गाठ

पदराला गाठ मारून ठेवाव्यात अशा चार गोष्टी सांगते आणि थांबते.

एक : दुकानात गॅरंटी की वॉरंटी, यावर वाद घालू नका. तीन गोष्टी विचारा. बदली की दुरुस्ती? कोणत्या भागाची आणि किती दिवस? मजुरी आणि भाडं कुणाचं? उत्तरं बिलावर लिहून घ्या.

दोन : कार्डावर तारीख, दुकानाचा शिक्का आणि वस्तूचा नंबर तिथेच घालून घ्या. यंत्रावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर जुळवून बघा.

तीन : हल्ली मशीनमधून निघणारी चकचकीत कागदाची बिलं उन्हानं, उष्णतेनं पुसट होतात. स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलेलं बिल वर्षभरात कोरं झालेलं असतं. आणल्या दिवशीच झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो काढा आणि सगळी कार्डं एका जाड पाकिटात, कपाटात ठेवा. पाकिटावर प्रत्येक वस्तूची मुदत संपण्याची तारीख लिहा. ती तारीख यायच्या महिनाभर आधी वस्तू एकदा नीट तपासून घ्या.

चार : गॅरंटी घेताना कागद मागा, देताना कागद वाचा.

कार्डं कुठे पडली आहेत ती आज दुपारी शोधून बघा. दोनचार तरी अजून मुदतीत असलेली निघतील!